स्काऊट पथकातील स्वयंसेवी नेतृत्व

गावातील शाळेच्या पटांगणावर शनिवारी सकाळी खाकी गणवेशातील मुले रांगेत उभी राहतात, ध्वजवंदन होते, शिट्टी वाजते आणि पाहणाऱ्याला स्काऊटिंग म्हणजे कवायत असा समज होतो. प्रत्यक्षात कवायत हा या चळवळीचा अत्यल्प भाग होय. मुलांनी मुलांचे नेतृत्व करावे आणि प्रौढांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, हा तिचा खरा गाभा आहे. पाठीशी उभी राहणारी ही प्रौढ माणसे मानधनाशिवाय काम करतात. ती किती आहेत आणि त्यांची तयारी कशी झाली आहे, यावर स्थानिक पथकाचे आयुष्य अवलंबून असते. शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी ही रचना समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

चळवळीचा उगम

ऑगस्ट १९०७ मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यात श्रीमंत घरांतील मुले होती, तशीच कष्टकरी घरांतीलही होती. त्यांचे चार संघ पाडून प्रत्येक संघ एका मुलाच्या हाती सोपविण्यात आला. लहान गट आणि त्याचा जबाबदार नायक, ही या शिबिराची शिकवण पुढे जगभर पोहोचली. भारतात स्काऊटिंगचा आरंभ १९०९ साली बंगलोर येथे, तर गाईडिंगचा १९११ साली जबलपूर येथे झाला. आरंभी भारतीय मुलांना तेथे स्थान नव्हते. डॉ. ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांच्या प्रयत्नांतून भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, प्रमुख स्काऊट संस्थांचे एकीकरण होऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था अस्तित्वात आली. १९५१ साली गाईड संघटनाही तीत सामील झाली.

संघ आणि संघनायक

स्काऊट पथकात सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो. आठ मुलांचे चार संघ मिळून बत्तीस मुलांचे पूर्ण पथक होते. प्रत्येक संघाचा एक संघनायक व एक उपसंघनायक असतो. संघातील इतर मुलांकडेही हिशेब, साहित्य, नोंदवही, प्रथमोपचार पेटी अशी कामे वाटून दिलेली असतात. संघनायक व स्काऊट मास्तर यांच्या मानसभेत पथकाचे कार्यक्रम, शिस्त व खर्च यांचा विचार होतो.

या रचनेचे महत्त्व साध्या हिशेबानेही ध्यानात येते. एका तासात एकट्या शिक्षकाने बत्तीस मुलांना गाठ बांधण्यास शिकविण्याचे ठरविले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. तीच गाठ आधी चार संघनायकांना पक्की शिकविली, तर प्रत्येक संघात सात मुलांना हाताला धरून शिकविणारा एक जण मिळतो. शिवाय शिकविताना संघनायक स्वतः धीर धरण्यास, समजावून सांगण्यास आणि आपली चूक सुधारण्यास शिकतो. पुस्तकी शिक्षणात या गोष्टींना क्वचितच वाव मिळतो.

प्रौढांची पदे

वयोगटानुसार प्रौढांची पदे वेगवेगळी आहेत. लहान मुलांच्या कब विभागाचे काम कबमास्तर पाहतात आणि बुलबुल विभागाचे काम फ्लॉक लीडर पाहतात. त्यापुढील वयाच्या मुलांसाठी स्काऊट मास्तर व मुलींसाठी गाईड कॅप्टन असतात. तरुणांच्या रोव्हर आणि तरुणींच्या रेंजर विभागांनाही आपापले लीडर असतात. प्रत्येकाला साहाय्यक असावा, अशी अपेक्षा आहे. शाळेशी संलग्न पथकाप्रमाणेच गावातील किंवा वस्तीतील मुलांसाठी शाळेबाहेरही पथक चालविता येते. त्यामुळे केवळ शिक्षकच या पदांवर असावेत, असे नाही. सेवानिवृत्त कर्मचारी, आरोग्यसेविका, शेतकरी किंवा पूर्वी स्काऊट असलेला एखादा तरुण हे काम उत्तम रीतीने करू शकतो.

मात्र केवळ हौस पुरेशी नाही. या पदांसाठी प्रथम बेसिक, नंतर ॲडव्हान्स्ड आणि शेवटी हिमालय वुडबॅज अशी प्रशिक्षणाची पायरी आहे. प्रौढांच्या प्रशिक्षणाची ही परंपरा सप्टेंबर १९१९ मध्ये लंडनजवळील गिलवेल पार्क येथे सुरू झाली. भारतात १९५६ पासून पचमढी येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र हे काम करीत आहे.

एका माणसावर चालणारे पथक

अनेक ठिकाणी दिसणारी उणीव येथेच आहे. एखादे उत्साही गुरुजी पथक उभारतात, शिबिरे घेतात, मुलांना सोपानांच्या परीक्षांना बसवितात. पुढे त्यांची बदली होते आणि वर्षभरात गणवेश पेटीत, काठ्या अडगळीत जातात. तृतीय सोपानापर्यंत आलेली मुले तेथेच थांबतात. दोष त्या गुरुजींचा नसतो. त्यांच्या जोडीला दुसरा माणूस तयार झालेला नव्हता, ही खरी त्रुटी असते.

यावर उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. पथकाच्या पहिल्या वर्षीच साहाय्यक निवडून त्याला प्रशिक्षणास पाठवावे. नोंदवह्या, साहित्याची यादी व हिशेब एकाच्या घरी न ठेवता शाळेत किंवा पथकाच्या कार्यालयात ठेवावेत. पालकांपैकी चार-पाच जणांची समिती करून निधी, प्रवास व शिबिराची व्यवस्था तिच्याकडे सोपवावी. मुलांपैकी जे मोठे होऊन रोव्हर किंवा रेंजर होतील, त्यांना कब-बुलबुल विभागात साहाय्याची संधी द्यावी. आजचा संघनायक हाच उद्याचा स्काऊट मास्तर, हे सूत्र डोळ्यांसमोर ठेवल्यास माणसांची वाण पडत नाही.

मुलांची सुरक्षितता

जोडीदार असण्याचे आणखी एक कारण अधिक गंभीर आहे. शिबिर, पदभ्रमण, पोहणे यांत मुले घरापासून दूर असतात. एकच प्रौढ सोबत असेल आणि एखादे मूल आजारी पडले, तर इतरांना सांभाळणारा कोणी उरत नाही. प्रत्येक कार्यक्रमात किमान दोन जबाबदार प्रौढ असावेत. मुली असल्यास त्यांत महिला हवीच. पालकांची लेखी संमती, मुलांच्या आजारांची माहिती व जवळच्या आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक आधीच घेऊन ठेवावा. मुलांना अपाय होऊ नये, याविषयी जागतिक स्काऊट परिषदेने २००२ साली थेस्सालोनिकी येथे ठराव केला. आपल्याकडे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये असा अपराध घडल्याचे कळताच तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. 'गावाची बदनामी होईल' म्हणून गप्प बसण्यास कायद्यात जागा नाही. स्वयंसेवक निवडताना त्याची नीट चौकशी करणे हा त्याच्यावरील अविश्वास मानू नये. पालकांनी मुले ज्या विश्वासाने सोपविली, त्याची ती राखण होय.

पंचायतीचा वाटा

पथकाला ग्रामपंचायत बरेच काही देऊ शकते. सभेसाठी एक खोली, शिबिरासाठी मोकळी जागा व पिण्याचे पाणी ही पहिली गरज आहे. त्याहून मोलाची मदत म्हणजे माणसांचा शोध. गावात प्रथमोपचार कोणाला येतो, पोहण्यात तरबेज कोण, रोपवाटिका कोणी यशस्वी केली, याची माहिती सदस्यांना असते. अशा व्यक्तींना महिन्यातून एक शनिवार पथकासाठी देण्याची विनंती सरपंचांनी केली, तर ती सहसा नाकारली जात नाही. त्याचबरोबर एक पथ्यही पाळावे. पाहुण्यांच्या स्वागताला आणि सभेच्या बंदोबस्ताला मुलांना वारंवार उभे करणे म्हणजे पथकाचा उपयोग करून घेणे होय. ते मुलांचे शिक्षण नव्हे.

पथकाची कसोटी संचलनाच्या दिवशी लागत नाही. स्काऊट मास्तर एखाद्या शनिवारी येऊ शकले नाहीत आणि तरीही चारही संघ वेळेवर जमले, साहाय्यकाने सभा सुरू केली, संघनायकांनी ठरलेला पाठ घेतला आणि साहित्य मोजून पुन्हा जागेवर ठेवले, तर ते पथक खऱ्या अर्थाने उभे राहिले असे समजावे.