तोंडाला कामाला लाव

अगं, घरातले सगळे तुला ‘आता विश्रांती घे’ म्हणतायत ना? घे की. दुपारी झोप काढ, भांड्यांकडे बघू नकोस, पाहुणे आले तरी उठून बसू नकोस. पण ही विश्रांती अंगाला. तोंड, जीभ, मान आणि खांदा यांना मात्र सुट्टी नाही. तोंडाचा कॅन्सर दुसऱ्यांदा आला, आधीच्या ऑपरेशनवर दुसरं ऑपरेशन, आधीच्या शेकांवर (रेडिएशनवर) पुन्हा शेक, म्हणजे आतलं मांस आणखी आक्रसणार. शेक संपले म्हणून हे आक्रसणं थांबत नाही, ते महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं हळूहळू चालूच राहतं. पहिल्या खेपेला जे आपसूक परत आलं होतं, ते या खेपेला झगडून मिळवावं लागतं. डिस्चार्जच्या कागदावर ‘जबड्याचे व्यायाम करावेत’ अशी एक ओळ असेल बघ. औषधांची यादी घरातले दहा वेळा वाचतात, ही ओळ कुणी वाचत नाही.

आरशासमोर उभी राहून तोंड उघड. आपली तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मध्ये मावली, तर ठीक. साधारण ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल, तर जबडा आखडलाय म्हणायचा. त्यावर आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांसारखा उपाय नाही. जेवढ्या मावतात तेवढ्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, थोडा वेळ थांबायचं, सोडायचं. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. ताण बसला पाहिजे, कळ यायला नको. जबड्याचं हाड काढून पट्टी (प्लेट) बसवली असेल, तर सर्जन सांगतील त्याच दिवसापासून सुरू कर, स्वतःच्या मनाने नको. माझ्या काड्या कितीतरी आठवडे तेवढ्याच राहिल्या होत्या. पण काडी वाढली नाही म्हणून सोडलं, तर आहे तेही जातं. आणि तोंड उघडणं फक्त घासासाठी नाही गं. तोंड उघडलं नाही, तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आतलं दिसत नाही. दुसऱ्यांदा आलेल्या दुखण्यात हे परवडणारं नाही.

आता गिळण्याचं. नळी नाकात आहे तोवर पोट भरतंय, म्हणून गिळायचं शिकणं लांबणीवर टाकू नकोस. गिळायचे स्नायू बसून राहिले की विसरतात. स्पीच आणि स्वॉलो थेरपीवाल्या मॅडमकडे जा, त्या काय द्यायचं, किती द्यायचं, मान कशी धरायची ते तुझ्या तोंडाप्रमाणे बसवून देतात. घरच्यांना वाटतं, पाण्याचा घोट सगळ्यांत सोपा. पाणीच तर अवघड! ते पातळ, जीभ आवरून धरायच्या आत घशात पळतं आणि श्वासाच्या वाटेला जातं. त्यापेक्षा दाटसर पेज, नाचणीचं सत्त्व, गुरगुट्या भात पुष्कळांना आधी जमतो. पिताना ठसका, घास गेल्यावर घोगरा ओला आवाज, मध्येच ताप आणि कफ, यातलं काही दिसलं तर लगेच सांग. अन्न छातीत जातंय, असा त्याचा अर्थ असू शकतो.

नळीतून घेतेस तेव्हा पाठीला टेकून बस आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवी होऊ नकोस. प्रत्येक वेळी शेवटी पाणी सोडून नळी धू. मुगाचं वरण, दूध, अंडं, भात, साजूक तूप, मिक्सरमधून काढून नीट गाळलेलं सगळं चालतं. नुसत्या नारळपाण्यावर आणि फळांच्या रसावर जखम भरत नाही, हे सासूबाईंना माझं नाव घेऊन सांग. तोंडाने सुरू झाल्यावर लाल तिखट आणि मिरपूड बाजूलाच ठेव. चव यायला महिने लागतात आणि सगळी येईलच असं नाही. मला अजून गोड नीट कळत नाही, आंबट मात्र डोळे मिटायला लावतं.

लाळ कमी झाली की दात किडतात. पाण्याची बाटली हाताशी ठेव, पेलाभर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भर. आणि हे लक्षात ठेव, अगदी कायमचं: शेक लागलेल्या जबड्यातला दात गावातल्या दवाखान्यात परस्पर काढून घ्यायचा नाही. त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, दाताची जागा भरेलच असं नाही, हाड सडू शकतं. दहा वर्षांनी दात दुखला तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं.

वेणी घालायला हात वर जात नाही ना? मानेतल्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावते किंवा काढावीही लागते, त्याचा तो परिणाम. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेत राहा. हनुवटीखालची सूज सकाळी जास्त असते, उठून बसलं की ओसरते. ती हलक्या हाताने, फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे उतरवायची. मालिशवाल्या बाईला मानेला हात लावू देऊ नकोस.

‘दुसऱ्यांदा आला म्हणजे संपलं’ असं कुणीतरी म्हणालंच असेल. आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांना काहीतरी बोललंच पाहिजे असं वाटतं. तुझं ऑपरेशन होऊ शकलं, गाठ पूर्ण निघाली, ही मोठी गोष्ट आहे. ज्यांचं होऊ शकत नाही, त्यांच्या बाबतीतही आता डॉक्टर हातावर हात ठेवून बसत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्ण बरे होऊ न शकणाऱ्या रुग्णांना तोंडाने घ्यायच्या गोळ्यांबरोबर नायवोलुमॅब या इंजेक्शनचा अगदी लहान, २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी दिला. वर्षभरानंतर, नुसत्या गोळ्या घेतलेल्यांत शंभरात सुमारे १६ जण हयात होते, इंजेक्शनवाल्यांत सुमारे ४३. हा काही चमत्कार नव्हे. पण ‘संपलं’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

मिश्रीचं बोलू? तुला कुणी ओरडणार नाही. आजीने लावली, आईने लावली, दात दुखला की औषध म्हणून हातावर ठेवली, तेव्हा तंबाखू भाजून केलेली पूड म्हणजे तंबाखूच, हे सांगायला कुणी नव्हतं. पण आता डबी घरात नको. जेवणानंतरची सुगंधी सुपारीही नको, तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोग करते. भाऊजी गुटखा खातात ना? महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर मिळतोच आहे. त्यांना १८००-११-२३५६ हा फुकटचा सरकारी नंबर लावून दे, व्यसन सोडायला मदत करतात. तुझ्या उशाशी बसून पुडी फोडणं त्यांनाही आता शोभत नाही.

थकवा जात नसेल, थंडी वाजत असेल, रडू येत असेल, तर ‘मनाचं आहे’ म्हणून गप्प बसू नकोस. मानेला शेक लागले की थायरॉइड मंदावू शकतो, दर सहा-बारा महिन्यांनी टीएसएच तपासायचं असतं. तपासणी बरी आली आणि तरी रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांनाच सांग. चेहऱ्याचं म्हणशील, तर नवऱ्याला आधी नीट बघू दे. लपवून ठेवलं की तो तुझ्याकडे बघायलाच घाबरतो. लाळ गळते तर रुमाल हातात ठेव, लग्नाला जा. फोनवर बोलणं कळत नाही म्हणतात, तर पुन्हा सांग, तिसऱ्यांदा सांग. जिभेला तोही व्यायामच.

तोंडातून किंवा मानेच्या जखमेतून ताजं रक्त आलं, अगदी चमचाभर आणि आपोआप थांबलं तरी, त्याच रात्री हॉस्पिटल गाठ. नवी गाठ, न भरणारा व्रण, एका बाजूच्या कानात ठणका, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघू नकोस. तपासणीसाठी मुंबईत परळला राहण्याची चिंता असेल, तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचार. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा रुग्णांची सोय करतात. हे दुखणं परत डोकावतं ते बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, म्हणून लावणी असो, घरचं कार्य असो, या दोन वर्षांतली एकही तारीख चुकवू नकोस.