फॉर्मॅट मारल्यावर अकाउंट जातं कुठे?

होस्टेलवर सेमिस्टरला एकदा तरी कुणाच्या तरी खोलीतून आरोळी येतेच. व्हायरस शिरला किंवा विंडोज रडायला लागलं म्हणून मशीनवर फॉर्मॅट मारलेला असतो. ड्रायव्हर टाकून होतात, गेमही परत उतरवून होतो आणि लॉगिनची खिडकी उघडल्यावर कळतं, की युजरनेम आठवत नाही. पासवर्ड तर नाहीच नाही. तीन-चार वर्षांचे तास, पॉकेटमनीतून घेतलेले गेम, मित्रांची यादी, सगळं त्या दोन रिकाम्या चौकटींच्या पलीकडे. मग सुरू होतो अंदाजपंचे पासवर्ड मारण्याचा कार्यक्रम. थोड्या प्रयत्नांनंतर सर्व्हर वैतागून काही वेळ दारच बंद करतो.

मित्रांनो, आधी एक गोष्ट समजून घेऊ. अकाउंट तुमच्या हार्ड डिस्कवर कधी नव्हतंच. ते कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि फॉर्मॅटनंतरही जसंच्या तसं आहे. डिस्कवर होतं ते एक टोकन. ‘रिमेंबर मी’वर टिक केली की सर्व्हर मशीनला एक ओळखपत्र देतो आणि पुढे पासवर्ड विचारतच नाही. वर्षानुवर्षं पासवर्ड टाइपच केला नाही तर तो आठवणार कसा? म्हणजे गेलंय ते अकाउंट नव्हे, ‘मीच तो’ हे दाखवायचा पुरावा. त्यामुळे शोधायचाही पुरावाच, पासवर्ड नव्हे. इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते.

उदाहरण म्हणून व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम घेऊ. २००३ साली सुरू झालेलं हे दुकान काउंटर-स्ट्राइक आणि डोटा खेळणाऱ्या मंडळींना सांगायला नको.

पहिलं काम म्हणजे त्या मशीनवर काहीही नवीन टाकणं थांबवा. विंडोज टाकताना आपण जो फॉर्मॅट मारतो तो क्विक फॉर्मॅट असतो. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबल नावाच्या वहीत असते. क्विक फॉर्मॅट ही वही नवीन सुरू करतो, जुना मजकूर बराचसा डिस्कवर तसाच पडून राहतो. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की मगच तो खरा जातो. पूर्ण फॉर्मॅटची गोष्ट वेगळी. विंडोज व्हिस्टापासून तो सगळ्या डिस्कवर शून्य लिहितो, तिथे शोधण्यात अर्थ नाही. एसएसडी असेल तर तीही आशा फारशी ठेवू नका, कारण ट्रिम कमांडने रिकाम्या झालेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकतो. आणि बिटलॉकर चालू असलेल्या ड्राइव्हवर जुनी किल्ली गेली, की उरलेला डेटा म्हणजे नुसता कचरा.

पण निराश होण्याआधी दोन जागा बघा. एक, सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर आहे का? फॉर्मॅट न मारता वरून विंडोज टाकलं असेल तर जुना संसार त्यात असतो. अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी विंडोज तो स्वतःच पुसतं, म्हणून लगेच पेनड्राइव्हवर काढा. दोन, डी ड्राइव्ह. आपल्याकडे ‘गेम डी मध्ये’ हा रिवाजच आहे, आणि दुकानवाला फॉर्मॅट मारतो तो बहुधा फक्त सी वर.

स्टीम स्वतः डी वर असेल तर काम जवळजवळ झालंच. त्याच्या फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ आहे, त्यात ‘लॉगिनयूजर्स’ नावाची व्हीडीएफ फाइल. नोटपॅडमध्ये उघडा. त्या मशीनवरून लॉगिन झालेल्या अकाउंटची नावं साध्या अक्षरांत दिसतील. युजरनेमचा प्रश्न तिथेच मिटला. ही फाइल नसेल तर ‘यूजरडेटा’ फोल्डर बघा. त्यात नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात. तो आकडा म्हणजे तुमचा अकाउंट नंबर. त्यात ७६५६११९७९६०२६५७२८ मिळवा, की १७ आकडी स्टीम आयडी तयार. स्टीम कम्युनिटीच्या पत्त्यापुढे ‘प्रोफाइल्स’ लिहून हा आयडी टाकला की तुमचं प्रोफाइल उघडतं.

ही भलीमोठी संख्या आली कुठून, असं विचारणारे असतीलच. हेक्समध्ये लिहून बघा: ०११००००१०००००००० येईल. ६४ बिटांपैकी वरचे ८ युनिव्हर्सचे, ४ अकाउंटच्या प्रकाराचे, २० इन्स्टन्सचे आणि खालचे ३२ तुमच्या नंबरचे. वरच्या तिघांत एकेक १ आणि खाली सगळी शून्यं, म्हणजे ही संख्या. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर असा कुठे कुठे कामाला येतो! मात्र प्रोफाइलवर दिसणारं नाव हे लॉगिनचं नाव नव्हे. तो आयडी सपोर्टला सांगायच्या कामाचा.

डी वर काहीच नाही, तर रेक्युव्हा किंवा टेस्टडिस्क, फोटोरेक यांसारखी फुकट साधनं वापरून सी खरवडता येतो. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि मिळालेल्या फायली त्या दुसऱ्या मशीनवरच साठवा. तरी एक अडचण राहते. एनटीएफएसमध्ये अगदी छोटी फाइल वेगळ्या जागी नसते, तिचा मजकूर वहीतल्या तिच्या १ केबीच्या नोंदीतच मावतो. एक-दोन अकाउंटची ती व्हीडीएफ फाइल अशीच काहीशे बाइटची. नव्या विंडोजने आपल्या लाखभर फायलींच्या नोंदी त्याच वहीत केल्या, की ती पहिल्या फटक्यात जाते. त्यामुळे रात्रभर स्कॅन चालवण्याआधी पुढचे मार्ग बघून घ्या, ते स्वस्त आहेत.

ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह केला असेल तर? क्रोमचं गूगल सिंक चालू असेल तर त्याच जीमेलने लॉगिन करा, पासवर्ड आपोआप येतील. सिंक नव्हतं आणि जुन्या डिस्कवरून क्रोमची ‘लॉगिन डेटा’ फाइल मिळाली, तरी नाचू नका. तिच्यातले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले असतात. त्यांची किल्ली ‘लोकल स्टेट’ फाइलमध्ये असते, ती किल्ली पुन्हा विंडोजच्या डीपीएपीआयने कुलूपबंद, आणि त्या कुलपाची किल्ली तुमच्या जुन्या विंडोज युजरच्या ‘प्रोटेक्ट’ फोल्डरमध्ये, जुन्या विंडोज पासवर्डला बांधलेली. नव्या विंडोजवर त्याच नावाचा युजर केला तरी तो वेगळाच. फायरफॉक्सचं तसं नाही. त्याच्या जुन्या प्रोफाइलमधल्या ‘लॉगिन्स’ आणि ‘की४’ या दोन फायली नव्या प्रोफाइलमध्ये टाकल्या, की पासवर्ड परत दिसतात, अर्थात प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर. सोय म्हणून हे भारी. सुरक्षा म्हणून विचार केला तर त्या दोन फायली कुणाच्याही हाती पडल्या की संपलं.

आता ईमेल. माझ्या मते खरी वाट हीच, आणि लोक सगळ्यात शेवटी इकडे येतात. जुन्या इनबॉक्समध्ये कंपनीचं नाव टाकून सर्च मारा. स्टीमवर काही विकत घेतलं असेल तर पावतीच्या मेलमध्ये अकाउंटचं नाव, तारीख आणि इनव्हॉइस नंबर असतो. ईमेल चालू असेल तर ‘पासवर्ड विसरलो’ दाबायचं, दोन मिनिटांचं काम. ईमेलही गेला असेल तर आधी तो सोडवा. इथे उशीर महागात पडतो. सलग २ वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगलने डिसेंबर २०२३ पासून पुसायला घेतली. सिमचंही तेच. बंद झालेला नंबर ९० दिवसांच्या मुदतीनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. मग ओटीपी त्याच्या खिशात वाजणार.

‘सपोर्टवाले पासवर्ड सांगत का नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो. कारण नीट बांधलेल्या सर्व्हरवर पासवर्ड नसतोच. त्याचा हॅश असतो, तोही प्रत्येकाचा वेगळा सॉल्ट टाकून. मॉरिस आणि थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी ही पद्धत १९७९ च्या निबंधात मांडली. हॅशवरून मागे जाता येत नाही, फक्त नवा पासवर्ड लावता येतो. पासवर्ड जसेच्या तसे ठेवले तर काय होतं, ते सोशल नेटवर्कवरची छोटी ॲप बनवणाऱ्या रॉकयू कंपनीने २००९ मध्ये दाखवलं. ३ कोटी २० लाखांहून जास्त पासवर्ड उघड्यावर आले. आजही क्रॅक करणारे तीच यादी वापरतात.

तेव्हा सपोर्टला लिहायचं ते पुरावे देऊन. अकाउंट ज्या पहिल्या ईमेलवर उघडलं तो ईमेल, डब्यातल्या डीव्हीडीवरची सीडी की, पेमेंटचा ट्रान्झॅक्शन नंबर, कार्डाचे शेवटचे चार आकडे. पूर्ण कार्ड नंबर कुणालाही देऊ नका. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दोन वर्षांपूर्वीची नोंदही सापडते. ‘सर प्लीज हेल्प, मेरा अकाउंट गया’ अशा दहा तक्रारी करण्यापेक्षा तारीख, रक्कम आणि नंबर असलेली एक नीट तक्रार लवकर मार्गी लागते. आमच्या विंगमधल्या एकाचं काम धुळीतल्या डीव्हीडीच्या डब्याने झालं होतं. आईने रद्दीत घालायचा ठरवलेला डबा!

सीनियरकडून पाचशे रुपयांत घेतलेल्या अकाउंटचं मात्र कठीण आहे. अकाउंट विकायला स्टीमच्या करारातच मनाई आहे. वर पहिला ईमेल त्याचा, पावती त्याची, सीडी की त्याची. कागदावर मालक तोच. त्याच्याशी संबंध बरे असतील तर आधी त्याला फोन लावा.

मोबाइल ऑथेंटिकेटर लावला असेल आणि फोनही बदलला असेल, तर कोड येणार कुठून? त्यातलं गुपित फोनमध्येच असतं. त्यावरून आणि घड्याळावरून दर ३० सेकंदांनी नवा कोड निघतो. स्टीम तो लावतानाच एक ‘आर’ने सुरू होणारा रिकव्हरी कोड देतं आणि लिहून ठेवा म्हणून बजावतं. तो जर्नलच्या मागच्या पानावर का होईना, कागदावर लिहा. गूगल ऑथेंटिकेटरला क्लाउडवर कॉपी ठेवायची सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. त्याआधी फोन गेला की कोडही गेले.

अकाउंट परत मिळवून देणारे ‘एक्स्पर्ट’ आणि त्यांची एक्सई फाइल यांच्या वाटेला जाऊ नका. नुकतंच स्वच्छ केलेलं मशीन पुन्हा घाण करायची ती हमी आहे.

काही दारं खरंच बंद झालेली असतात. माइनक्राफ्टची जुनी मोजांग खाती मायक्रोसॉफ्टकडे हलवायची मुदत १९ सप्टेंबर २०२३ ला संपली. ज्यांनी ती हलवली नाहीत त्यांना गेम नव्याने विकत घ्यावा लागतो, जुना ईमेल आणि पासवर्ड तोंडपाठ असला तरी. पण सिंगल प्लेअरची बांधकामं तेवढी वाचतात. ती सर्व्हरवर नसतात, युजरच्या रोमिंग फोल्डरमध्ये ‘डॉट माइनक्राफ्ट’च्या ‘सेव्हज’मध्ये असतात. तेव्हा जुनी डिस्क हातात असेल तर पासवर्डच्या आधी हा फोल्डर शोधा.