चुलीतली राख शेतात कशी वापरावी?



जव्हार तालुक्यातील पाड्यांवर शेतीमार्गदर्शनाचे काम करताना मी केलेली एक चूक आज सांगतो.

एका मावशींच्या घरामागे वांग्यामिरच्यांचा वाफा होता. दोन्ही मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च त्या भाजीवरच निघे. चुलीची राख उकिरड्यावर पडताना पाहून मी म्हणालो, "मावशी, ही राख आणि युरिया एकत्र करून टाका." त्यांनी उसनवारीने युरिया आणला. दोन दिवसांत वाफ्यातून उग्र वास येऊ लागला आणि पुढे पाने पिवळीच राहिली. मावशी एवढेच म्हणाल्या, "भाऊ, राख तर आम्ही आधीपण टाकायचो. तेव्हा असं नाही झालं."

चूक माझी होती. राख अल्कधर्मी असते. युरिया किंवा ताज्या शेणखतात ती मिसळली, की नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते.

लाकूड जळताना त्यातले नत्र धुरावाटे जाते. पालाश, चुना आणि थोडे स्फुरद राखेत उरते. आपल्याकडच्या मुसळधार पावसाने लाल मातीतला चुना वाहून जातो व माती आम्ल होते. राख ती आम्लता कमी करते. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याच्या जुन्या पद्धतीतही राखेचा हा फायदा मिळतो. पण राबासाठी फांद्या तोडाव्या लागतात. चुलीची राख घरातच रोज तयार होते.

आता आम्ही हे नियम पाळतो :

१. राख चाळून झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवावी. पावसात भिजली तर पालाश धुऊन जातो.
२. गुंठ्याला वर्षातून सुमारे ५ किलो पुरे. लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावी.
३. युरिया वा शेणखत त्यानंतर काही आठवड्यांनी, वेगळे द्यावे.
४. कोवळ्या रोपांच्या बुंध्याशी राख टाकू नये.
५. प्लास्टिक किंवा रंगवलेल्या लाकडाची राख वापरू नये.
६. आधी मातीचा सामू तपासावा. ७ च्या वर असेल तर राख टाकूच नये. काळ्या जमिनीत बहुधा असेच असते.

त्या युरियाचे पैसे मी मावशींना परत केले. पुढच्या हंगामात आधी माती तपासली, मग राख टाकली. वांगी धरली तेव्हा पहिली टोपली त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी ती बाजाराच्या पाटीतच परत ओतली.

कोणाला शिकवण्याआधी त्याला काय ठाऊक आहे हे विचारावे, हा धडा मी त्या वाफ्यावर शिकलो.