बस्त्याला येताना उतरायचं कुठे

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. बस्ता पुण्यातच बांधायचा ठरलं, व्याही मंडळीही बरोबर येणार आणि उतरायला तू ऐन लक्ष्मी रोडवर एक हॉटेल शोधून ठेवलं आहेस, म्हणाली. खाली उतरलं की समोर साड्यांचं दुकान. आमच्याकडेच उतरा, असं म्हणालो असतो. पण आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, तुझ्या आजींचे गुडघे, आणि एका बाथरूमच्या घरात विहीणबाईंना दोन रात्री ठेवणं तुला चाललं तरी ताईला चालणार नाही. तेव्हा हॉटेलच बरं. फक्त ते नको. माझी सगळी नोकरी हॉटेलच्या काउंटरमागे गेली. खरेदीला आलेली लग्नघरं सकाळी बाहेर पडताना कशी असतात आणि रात्री परतताना कशी, हे दोन्ही पाहिलेला माणूस सांगतो आहे असं समज.

हॉटेल रात्रीसाठी घ्यायचं असा सगळ्यांचा समज असतो. बस्त्याचं हॉटेल दुपारसाठी घ्यायचं.

त्या दिवसाचा क्रम तुला अजून ठाऊक नाही. अकराच्या सुमाराला तुम्ही दुकानात गादीवर बसता. शालू, पैठण्या, नऊवारी, एकेक घडी समोर उलगडत जाते, चहा येतो, सगळ्यांची मतं गोड असतात. दीड-दोन वाजता जेवायला उठता. थाळीच्या हॉटेलात नंबर लावून जेवण होईतो तीन. पुन्हा त्याच गादीवर येऊन बसलं की डोळ्यांपुढे रंग फिरायला लागतात. मुख्य साड्या तोवर झालेल्या असतात, उरतात त्या आहेराच्या. मग कुणीतरी म्हणतं, ‘द्या हो कुठलीही, सगळ्या सारख्याच.’ पुढे वर्षभर जिच्यावरून बोलणी खावी लागतात ती साडी याच वेळेला घेतलेली असते. दोन्हीकडच्या बायकांची पहिली कुरबूरही याच वेळची. या तासाला आजी आणि विहीणबाई पंख्याखाली आडव्या झालेल्या असाव्यात, बाकीच्यांनी पाय धुऊन अर्धा तास डोळे मिटलेले असावेत आणि साडेचारला ताज्या तोंडाने पुन्हा निघावं. एवढं ज्या हॉटेलात जमेल ते तुमच्यासाठी चांगलं.

ही अट लावलीस की यादी आपोआप कापली जाते. विमाननगर, हिंजवडीकडे मोठी, झुळझुळीत हॉटेलं आहेत. पोहण्याचा तलाव, लॉन, सकाळी पन्नास पदार्थांचा नाश्ता. पण तिथून दुपारी कोण परत जातो? तो तलाव तुम्ही बाल्कनीतून रात्री दहाला बघणार. आणि ऐन लक्ष्मी रोडवर उतरलात तर दुपारी वर जाल, पण झोप लागणार नाही.

कुंटे चौक ते विजय टॉकीज चौक एकदा भर दुपारी चालून बघ. दुचाकींचे हॉर्न, टेम्पोचे रिव्हर्सचे भोंगे, शिट्ट्या, दुकानांतली गाणी. रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना सलग इमारती, त्यामुळे आवाज भिंतींवर आपटत वर चढतो. तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली म्हणून सुटका होत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी व्यापारी भागाला दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, निवासी भागाला ५५ आणि ४५ ची. म्हणजे मर्यादा पाळली गेली असं धरलं तरी दुकानांच्या रस्त्याला कायद्यानेच दहा डेसिबल जास्तीचे दिलेत, आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन पाळते, तेव्हा काही भागात वाहनं बंद असतात. त्या दिवशी तिथे बोललेलं ऐकू येतं. एरवी काय असतं ते यावरून समज.

मग उतरायचं कुठे? मला दोनच जागा योग्य वाटतात. एक, पेठेतच, पण रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. नारायण, सदाशिव, शनिवार या पेठांत वाडे पाडून झालेल्या इमारतींत लहान, स्वच्छ लॉज आहेत. मागच्या बाजूला कुणाचं तरी अंगण, एखादं आंब्याचं झाड. इथून दुकानं पायी दहा मिनिटांवर. यात खोट एकच. लिफ्टपर्यंत पोचायलाच चार पायऱ्या असतात, आणि काही ठिकाणी लिफ्ट इतकी लहान की आजी आणि बॅगा एकदम मावत नाहीत. आजींसाठी कमोड आहे का, हेही आधी विचार. संकोच करू नकोस, काउंटरवरच्या माणसाला हा प्रश्न रोजचा असतो.

दुसरी जागा नदीपलीकडे, डेक्कन आणि आपटे रोडचा पट्टा. रस्ते रुंद, झाडं दाट, हॉटेलं मध्यम ते मोठी. अलका टॉकीजच्या चौकातून लकडी पूल ओलांडला की डेक्कन. तुमच्यासाठी मी हीच बाजू सुचवीन, कारण व्याही बरोबर आहेत आणि त्यांना जरा ऐसपैस वाटायला हवं. रिक्षाने दुपारी दहा-पंधरा मिनिटांत पोचाल. संध्याकाळी सहानंतर पुलावर अडकाल, म्हणून जड पिशव्या दुपारच्या खेपेलाच खोलीवर टाकून या. नदीपात्रातला भिडे पूल जवळचा, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बुडतो आणि बंद करतात. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नका. मेट्रोही आहे, मंडईचं भुयारी स्टेशन २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालं. पण डेक्कनहून मंडईला जायचं तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदलावी लागते, आणि तिथे खोल खाली उतरायचं. तू आणि जावईबापू तुळशीबागेत मुंडावळ्या नि रुखवताचं सामान बघायला जाल तेव्हा ठीक. आजींना त्या फंदात पाडू नका.

आता खरी गोष्ट. हॉटेलपेक्षा खोली महत्त्वाची. एकाच हॉटेलात एक खोली देवळासारखी शांत असते आणि दुसरीत गिरणीत झोपल्यासारखं वाटतं. भाडं दोन्हींचं एकच. आम्ही काउंटरवर खोल्या कशा वाटतो ते सांगतो. बुकिंग करताना जो काहीच बोलत नाही त्याला उरलेली खोली जाते. उरलेली म्हणजे कुठली? लिफ्टच्या शेजारची, जिथे रात्रभर दार उघडतं-मिटतं. स्वयंपाकघराच्या वरची, जिथे एक्झॉस्टचा पंखा घोंघावतो आणि फोडणीचा वास येतो. चादरी-टॉवेलांच्या खोलीला लागून असलेली, जिथे पहाटे साडेपाचपासून ट्रॉल्या खडखडतात. हॉलच्या वरची, जिथे कुणाचा तरी साखरपुडा चालू असतो. जनरेटरच्या बाजूची. आणि डक्टकडे उघडणारी. तिला खिडकी आहे असं सांगतात, पण उघडली की समोर एसीच्या बाहेरच्या डब्यांची रांग आणि गरम वारा. या सहाही खोल्या फोटोत सुरेख दिसतात, कारण फोटो पलंगाचा असतो. तारेही सोयींवरून मिळतात, झोपेवरून नाहीत.

म्हणून ऑनलाइन बुकिंगनंतर किंवा आधी, हॉटेलला स्वतः फोन कर. वेळ दुपारी तीन-चारची. तेव्हा बाराचे चेकआउट उरकलेले असतात आणि संध्याकाळची गर्दी सुरू झालेली नसते. माणूस नीट बोलतो. ‘शांत खोली द्या’ असं म्हणू नकोस, त्याला सगळेच ‘हो मॅडम’ म्हणतात. विचार, खिडकी कुठल्या बाजूला उघडते? खाली काय आहे? त्या दिवशी हॉलचं बुकिंग आहे का? परमिट रूम असेल तर कुठल्या मजल्यावर? आणि मग म्हण, ‘मागच्या बाजूच्या, लिफ्टपासून लांबच्या तीन खोल्या आमच्या नावावर लिहून ठेवा, आणि तेवढं मेसेजवर कळवा.’ लिहिलेलं असलं की संध्याकाळच्या पाळीच्या माणसाला ते बदलणं जड जातं. लिफ्टपासून लांब म्हणजे आजींना चालणं आलं, पण लांब म्हणजे चार दारं सोडून. तेवढं त्या चालतात.

पोचल्यावर बॅगा वर चढवण्याआधी खोली बघून घे. दार लाव, खिडकी लाव, पंखा आणि एसी दोन्ही बंद कर आणि दोन मिनिटं नुसती उभी राहा. बोलू नकोस. आवाज कुठून येतो ते कान सांगतील. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीचं रबर झिजलं असेल तर बोट लावलं की फट कळते, हॉर्न तिथूनच आत येतो. पडद्याने उजेड अडतो का ते दुपारच्या झोपेसाठी बघायचंच. नंतर एसी सुरू करून ऐक. जुना एसी खडखडत असेल तर बाहेरची शांतता काय कामाची? आवडली नाही तर त्याच क्षणी सांग. बॅग उघडल्यावर खोली बदलून मागणारा माणूस आम्हाला कटकट्या वाटतो, उघडायच्या आधी मागणारा जाणता वाटतो. हे खरं सांगतोय.

तारखेबद्दल. ताई म्हणत होती श्रावणात. श्रावणात दुकानांत माल नवा असतो हे खरं, पण गणपतीच्या आधीचे ते आठवडे नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. संध्याकाळी नदीकाठच्या खोलीत बसाल तर छातीत ढोल वाजेल. मला तो आवाज आवडतो, विहीणबाईंचं माहीत नाही. ऐन गणपतीत तर येऊच नका. अनंत चतुर्दशीची मिरवणूक लक्ष्मी रोडवरूनच जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही चालते. सगळ्यात निवांत दिवस म्हणशील तर त्यानंतरचा पितृपंधरवडा. दुकानं रिकामी, विक्रेत्याला वेळ, हॉटेलं स्वस्त, रस्त्यावर श्वास घेता येतो. पण पक्षात लग्नाची खरेदी म्हटल्यावर आजी काय म्हणतील ते तुलाही ठाऊक आहे. नाहीच जमलं तर नवरात्र सुरू व्हायच्या आत दर ठरवून बुकिंग करून टाक, दसऱ्यापासून पुढे भाव चढतात. आणि गुरुवार टाळ. पुण्यात वीज-पाण्याची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, मग जनरेटर दिवसभर धडधडतो.

पैशाचंही बोलून घेऊ, म्हणजे दाजींना हिशेब मांडता येईल. रात्रीला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८. २०२५ च्या सप्टेंबरपासूनचे दर हे. म्हणून ७,८०० ची खोली ‘थोडी चांगली’ म्हणून घेऊ नकोस, ती कराने महाग पडते. तीच ७,४०० ला मिळते का विचार, बहुतेक मिळते.

तुमची लातूरची रात्रीची बस पहाटे पोचते, आणि चेकइन दुपारी बारा किंवा दोनचं. पहाटे पाचला सात माणसं लॉबीतल्या सोफ्यावर बसली की बस्त्याचा दिवस तिथेच संपतो. दोन खोल्या आदल्या रात्रीपासून घ्या, त्यात आंघोळी होतात, आजींना दोन तास पडता येतं. किंवा चोवीस तासांचं चेकआउट असलेलं हॉटेल शोध, पेठेतल्या लॉजमध्ये तशी पद्धत अजून आहे. परतीच्या दिवशीही तेच. चेकआउट बाराला आणि बस रात्री दहाला. सगळ्या खोल्या सोडा, एक ठेवा, अर्ध्या दिवसाचं भाडं ठरवून. बॅगा तिथे, साड्यांचे गठ्ठे तिथे, बायकांना तोंड धुवायला जागा.

खोल्या वाटताना व्याह्यांना आधी निवडू दे. पण निवडीला ज्या ठेवशील त्या सगळ्या मागच्या बाजूच्याच असू देत, म्हणजे प्रश्नच नको. काउंटरवरचा मुलगा ‘आमच्याकडची सर्वांत भारी’ म्हणून रस्त्याकडची मोठ्ठी खिडकीवाली खोली पुढे करेल. ती जावईबापूंना द्या, त्यांचं वय आहे झोपायचं, कुठेही झोपतील.

तारीख पक्की झाली की आधी मला कळव, मग बसची तिकिटं काढ. हॉटेलच्या तीन-चार नावांची चिठ्ठी तोवर मी स्वतः जाऊन, खोल्या बघून पाठवतो. निवृत्त माणसाला तेवढाच उद्योग. दाजींना नमस्कार, ताईला सांग की फॉल-पिकोवाला माझ्या ओळखीचा आहे, घाई करू नकोस. आणि पितृपंधरवड्याचं मी सुचवलं, हे आजींना सांगू नकोस.

तुझा
मामा