स्वतंत्र संगीताचा प्रसार : इंटरनेट आणि श्रोतृसमुदाय

भारतात लोकप्रिय संगीत म्हणजे चित्रपटसंगीत, असे समीकरण अनेक दशके रूढ होते. आकाशवाणी, ध्वनिमुद्रिका कंपन्या आणि चित्रपटगृहे या तीन दारांतूनच गाणे सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचत असे. इंटरनेटच्या प्रसारामुळे या दारांवरील पहारा बराचसा सैल झाला. आज एखाद्या लहान गावातील गायकालाही आपले गाणे जगासमोर ठेवता येते. मात्र गाणे उपलब्ध होणे आणि ते ऐकले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लक्षावधी गाण्यांच्या गर्दीत स्वतंत्र कलावंताचे गाणे टिकते ते कशाच्या बळावर, हा प्रश्न केवळ कलेचा नसून उपजीविका, भाषिक विविधता आणि सांस्कृतिक हक्क यांच्याशी निगडित आहे.

स्वतंत्र संगीत म्हणजे काय?

जे संगीत चित्रपटासाठी किंवा मोठ्या कंपनीच्या मागणीनुसार तयार झालेले नाही आणि ज्याची निर्मिती, मालकी व वितरण यांविषयीचे मुख्य निर्णय कलावंत स्वतः घेतो, त्यास सर्वसाधारणपणे स्वतंत्र संगीत म्हटले जाते. ही संज्ञा शैलीची नसून उत्पादनपद्धतीची आहे. दिल्लीतील रॉक बँड, मुंबईच्या वस्तीतील रॅप गायक, माळव्यातील कबीरपंथी भजनी मंडळ आणि नागालँडमधील लोकगीते गाणारा समूह हे सर्व या व्याख्येत बसू शकतात.

समुदाय आधी, माध्यम नंतर

नवे तंत्रज्ञान श्रोते निर्माण करते, असा एक समज आढळतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे ग्रामोफोन कंपनीची दीर्घकाळची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक भाषांतील संगीताला मोठी बाजारपेठ मिळाली. महाराष्ट्रातील भीमगीते हे त्याचे बोलके उदाहरण होय. ही गाणी जलशांतून आणि वस्त्यांमधील कार्यक्रमांतून आधीच लोकांच्या ओठांवर होती. चैत्यभूमी व दीक्षाभूमी येथे जमणाऱ्या जनसमुदायात पुस्तकांच्या शेजारी कॅसेटची दुकाने लागू लागली. कॅसेटने हा श्रोतृवर्ग घडवला नाही. घडलेल्या श्रोतृवर्गापर्यंत ती पोहोचली.

पंजाबमधील जालंधरच्या गिन्नी माही यांचा प्रवास याच वाटेवरचा आहे. रविदासिया समाजाच्या धार्मिक कार्यक्रमांत बालपणापासून गाणाऱ्या या गायिकेची बाबासाहेब आंबेडकरांवरील गीते २०१६ च्या सुमारास यूट्यूबवरून देशभर पोहोचली. इंटरनेटने त्यांच्या श्रोत्यांचे वर्तुळ विस्तारले. त्या वर्तुळाचा मध्यबिंदू मात्र आधीपासून अस्तित्वात होता.

काही भारतीय अनुभव

_इंडियन ओशन._ १९९० मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या या बँडने २०१० मध्ये एक धाडसी निर्णय घेतला. ‘१६/३३० खजूर रोड’ या संग्रहातील सात गाणी दरमहा एक याप्रमाणे इंटरनेटवरून विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली. संग्रहाचे नाव म्हणजे दिल्लीच्या करोलबागेतील त्या घराचा पत्ता, जेथे बँडचा सराव चाले. बँडचा आर्थिक आधार मुख्यतः मैफिलींचा होता. त्यामुळे गाणे ही विक्रीची वस्तू न ठेवता श्रोत्यास दिलेले निमंत्रण मानणे त्यांना शक्य झाले. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हा निर्णय घेण्यापूर्वी बँडने सुमारे दोन दशके देशभर मैफिली करून श्रोते जोडले होते.

_मुंबईचे हिप-हॉप._ कुर्ल्यातील नेझी या तरुणाने २०१४ मध्ये आयपॅडच्या साहाय्याने ‘आफत’ हे गाणे तयार केले. त्यानंतर २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ आले आणि २०१९ मध्ये या चळवळीवर आधारित ‘गली बॉय’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपट शेवटी आला, हा क्रम महत्त्वाचा आहे. त्याआधी वस्तीतील मुले एकत्र जमून आळीपाळीने रॅप सादर करीत, एकमेकांच्या ओळी सुधारीत आणि परस्परांची गाणी पसरवीत. याच शहरातील ‘स्वदेशी’ या बहुभाषिक समूहाने २०१९ मध्ये आरे परिसरातील आदिवासी कार्यकर्ते व कलावंत प्रकाश भोईर यांच्यासमवेत ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. ज्या समाजाविषयी गाणे आहे, त्याच समाजाचा आवाज त्यात सहभागी होता.

_द कास्टलेस कलेक्टिव्ह._ चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांचे नीलम सांस्कृतिक केंद्र आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या चेन्नईच्या समूहाने जानेवारी २०१८ मध्ये पहिला जाहीर कार्यक्रम केला. उत्तर चेन्नईच्या श्रमिक वस्त्यांतील गाना ही गायनपरंपरा, रॅप आणि रॉक यांचा मेळ घालून जातिभेदाविरुद्धची गाणी या समूहाने सादर केली. त्यांची ध्वनिचित्रे इंटरनेटवर दूरवर पोहोचली. परंतु त्या गाण्यांची भाषा, वाद्ये आणि विषय वस्तीतूनच आले होते.

_कबीर प्रकल्प._ शबनम विरमानी यांनी २००३ मध्ये बंगळुरू येथून सुरू केलेल्या या प्रकल्पाने माळवा, राजस्थान, कच्छ इत्यादी प्रदेशांतील कबीर गायकांची परंपरा चित्रपट, ध्वनिमुद्रण आणि यात्रा या मार्गांनी नोंदविली. ‘अजब शहर’ या संकेतस्थळावर गाण्यांसोबत त्यांचे शब्द आणि अनुवादही दिलेले आहेत. गायक कोण आणि शब्दांचा अर्थ काय, हे कळल्यावर श्रोता केवळ ग्राहक न राहता परंपरेचा सहभागी होतो.

_महोत्सवांचे योगदान._ २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेला एनएच-सेव्हन वीकेंडर आणि २०१२ पासून अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात भरणारा झिरो संगीत महोत्सव यांनी इंटरनेटवरील विखुरलेल्या श्रोत्यांना प्रत्यक्ष भेटीची जागा दिली. झिरो येथील मंच स्थानिक आपातानी समाजातील कारागीर बांबूपासून उभारतात. परिणामी महोत्सवाचा लाभ संगीतकारांपुरता मर्यादित राहत नाही.

उत्पन्नाचे गणित

श्रोतृसमुदायाचे महत्त्व समजण्यासाठी संगीत प्रवाहित करणाऱ्या सेवांची वाटपपद्धती पाहणे आवश्यक आहे. बहुतेक सेवांमध्ये वर्गणी व जाहिरातींतून जमा झालेल्या रकमेचा ठराविक हिस्सा एकत्र केला जातो आणि एकूण श्रवणसंख्येतील वाट्यानुसार तो हक्कधारकांत विभागला जातो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. महिन्याचा वाटपयोग्य निधी १ लाख रुपये आणि एकूण श्रवणे १० लाख असतील, तर एका श्रवणामागे १० पैसे येतात. ५,००० वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यास ५०० रुपये मिळतील. याउलट १०० श्रोत्यांनी प्रत्येकी १०० रुपये देऊन त्याच कलावंताच्या छोट्या मैफिलीस हजेरी लावली, तर १० हजार रुपये जमा होतात.

या पद्धतीत श्रोत्याने महिनाभर एकाच लोकगायकाला ऐकले, तरी त्याची वर्गणी थेट त्या गायकाकडे जात नाही. शिवाय स्पॉटिफाय या सेवेने २०२४ पासून, मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकले गेलेले गाणे ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीच्या हिशेबात न धरण्याचे धोरण स्वीकारले. अल्पसंख्य भाषांतील गाण्यांवर अशा निकषाचा भार अधिक पडणे स्वाभाविक आहे. थोडे परंतु निष्ठावान श्रोते हे स्वतंत्र कलावंताचे खरे भांडवल ठरते, ते यामुळेच.

आभासी लोकप्रियतेचे धोके

पैसे मोजून श्रवणसंख्या किंवा अनुयायी वाढविण्याचा आडमार्गही प्रचलित आहे. तो नैतिकदृष्ट्या चुकीचा तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. विकत घेतलेले अनुयायी मैफिलीस येत नाहीत आणि गाणे दुसऱ्याला ऐकवीत नाहीत. वाटपाचा निधी सामायिक असल्याने बनावट श्रवणांची रक्कम प्रामाणिक कलावंतांच्या वाट्यातून जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत यंत्रप्रणालीच्या साहाय्याने बनावट श्रवणे घडवून १ कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी मिळविल्याच्या आरोपावरून फौजदारी कारवाई करण्यात आली. भारतात २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे यांनुसार, मोबदला घेऊन केलेल्या शिफारशीतील आर्थिक संबंध उघड करणे अपेक्षित आहे.

दुसरा धोका परावलंबनाचा आहे. २००३ ते २०१५ या काळात मायस्पेसवर चढविलेले संगीत नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा केवळ त्याच माध्यमावर विसंबलेल्या कलावंतांचा श्रोत्यांशी असलेला दुवा एका रात्रीत तुटला. म्हणूनच गाण्यांच्या मूळ प्रती स्वतःजवळ ठेवणे आणि श्रोत्यांशी थेट संपर्काची स्वतंत्र व्यवस्था उभारणे अत्यावश्यक ठरते. हा संपर्क ठेवताना श्रोत्यांची संमती घेणे, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या तत्त्वांशी सुसंगत होय.

सच्च्या सहभागाची लक्षणे

वरील अनुभवांवरून काही सूत्रे मांडता येतात. पहिले, प्रसिद्धीपूर्वी संबंध : कलावंताने ज्या समुदायात गाणे रुजवायचे, त्याच्या उपक्रमांत स्वतः सहभागी होणे. दुसरे, श्रेय : गीतकार, वादक, लोकपरंपरा आणि प्रदेश यांचा स्पष्ट उल्लेख करणे. तिसरे, परस्परता : इतर कलावंतांची गाणी ऐकणे, ती पुढे पोहोचविणे आणि श्रोत्यांच्या अभिप्रायास उत्तर देणे. चौथे, सातत्य : एका गाण्याच्या गाजावाजापेक्षा नियमित भेटीवर भर देणे. पाचवे, प्रत्यक्ष भेट : शाळा, ग्रंथालये, महाविद्यालये व जत्रा येथील छोट्या कार्यक्रमांशी इंटरनेटची सांगड घालणे.

कायदेशीर चौकट

लोकप्रियता वाढली तरी हक्क सुरक्षित नसतील, तर कलावंताच्या हाती काही उरत नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार एका गाण्यात गीताचे शब्द, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण असे तीन स्वतंत्र हक्क सामावलेले असतात. शब्द व संगीतरचना यांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. सादरकर्त्यांनाही स्वतंत्र हक्क असून त्यांची मुदत ५० वर्षे आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क दिला. हा हक्क कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. करारात मुदत नमूद नसल्यास हस्तांतरण ५ वर्षांचे आणि क्षेत्र नमूद नसल्यास भारतापुरते मानले जाते. १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी २०१७ मध्ये सुधारित कायद्यान्वये कॉपीराइट संस्था म्हणून नोंदविली गेली. ती गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेल्या आणि २०२२ मध्ये खंडपीठाने कायम केलेल्या निर्णयानुसार, प्रसारण संस्थांसाठीचा कलम ३१घ खालील वैधानिक परवाना इंटरनेटवरील संगीतसेवांना लागू होत नाही. अर्थात अशा सेवांना हक्कधारकाची संमती घ्यावी लागते.

मर्यादा आणि धोरणात्मक दिशा

समुदायाधारित प्रसार हा सर्व समस्यांवरील उपाय नव्हे. सतत उपलब्ध राहण्याचे श्रम कलावंताच्या सरावाचा वेळ खातात. इंटरनेटवरील छळाची झळ स्त्री कलावंतांना अधिक बसते. वयोवृद्ध लोककलावंतांकडे साधने व तांत्रिक ज्ञान नसते आणि त्यांची गाणी इतरांच्या नावे पसरण्याचा धोका राहतो. या उणिवा केवळ वैयक्तिक प्रयत्नांनी दूर होणार नाहीत.

भारताने सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेविषयीचा युनेस्कोचा २००५ चा करार २००६ मध्ये अनुसमर्थित केला आहे. संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन करणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१क (च) अन्वये नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या ‘वेव्हज’ या जागतिक दृकश्राव्य व मनोरंजन शिखर परिषदेने सर्जनशील अर्थव्यवस्थेकडे लक्ष वेधले. या उद्दिष्टांना प्रत्यक्ष रूप द्यायचे, तर जिल्हा पातळीवर अल्पदरात ध्वनिमुद्रणाची सोय, लोककलावंतांना हक्कांच्या नोंदणीसाठी साहाय्य, प्रादेशिक भाषांत करारांचे सोपे नमुने आणि छोट्या सभागृहांचे जाळे यांची गरज आहे.

इंटरनेट हे दूरवर आवाज नेणारे कर्ण्यासारखे साधन आहे. त्या आवाजाला ओळखणारा, त्याचे मोल देणारा आणि त्याचे श्रेय जपणारा समाज मात्र माणसांनीच घडवायचा असतो. तो घडला, तर लहान भाषेतील गाणेही बाजाराच्या गर्दीत हरवणार नाही आणि ते गाणाऱ्याच्या घरची चूलही पेटती राहील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘इंटरनेट श्रोते निर्माण करत नाही, विद्यमान समुदायाचा विस्तार करते.’ उदाहरणांसह चर्चा करा.

२. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे गीतकार व संगीतकार यांच्या स्थितीत कोणते बदल झाले, ते स्पष्ट करा.

३. सामायिक निधीच्या वाटपपद्धतीचा अल्पसंख्य भाषांतील संगीतावर होणारा परिणाम सांगून उपाय सुचवा.