मेनूतून विंडोज गेलं म्हणून डिस्क पुसू नका

विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसतं. शिरोली एमआयडीसीतल्या, माझ्या ओळखीच्या एका फाउंड्रीनं मधला मार्ग काढला: इंटरनेटसाठी लिनक्स, टॅलीसाठी जुनंच विंडोज, दोन्ही एका मशीनवर.

मग लिनक्सचं अपडेट झालं आणि सुरुवातीच्या यादीतून विंडोजचं नावच गेलं. मार्चअखेर तोंडावर आलेली. बोलावलेल्या माणसानं ‘विंडोज उडालंय’ म्हणत डिस्क फॉरमॅट केली. टॅलीचा डेटा तेव्हा गेला. तोवर तो जागच्या जागी होता. बॅकअप जुना निघाला आणि अकाउंटंटबाईंनी व्हाउचर पुन्हा भरली. हे मला अजून बोचतं.

ती यादी दाखवतो ग्रब. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. मशीन चालू होताना ग्रब डिस्क धुंडाळत बसत नाही, आधी तयार करून ठेवलेली फाईल वाचतो. शेजारच्या सिस्टिम शोधणं हे ओएस-प्रोबरचं काम, आणि २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रबनं तो शोध सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवला. अशात यादी नव्यानं बनली की विंडोजचं नाव गळू शकतं. विंडोज मात्र तिथंच असतं.

म्हणून आधी मशीनचा स्वतःचा बूट मेनू उघडावा. डेल, लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. तिथं ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसलं तर त्यातून आत शिरून सर्वांत आधी टॅलीचा बॅकअप घ्यावा. दुरुस्ती नंतर.

दुरुस्ती लहान आहे. लिनक्समध्ये ‘इटीसी’च्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातली ‘ग्रब’ फाईल उघडून ओएस-प्रोबर डिसेबल करणारी ओळ ‘फॉल्स’ करायची. उबुंटू, मिंट, डेबियनवर मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. यादी क्षणात निसटत असेल तर टाइमआउट त्याच फाईलमध्ये वाढवता येतो. ‘ग्रब डॉट सीएफजी’त मात्र हात घालू नये, कर्नल अपडेट होताच ती पुन्हा लिहिली जाते.

उलटंही घडतं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या काही मशीनवर लिनक्सच सुरू होईना. सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून वाट निघते, पण बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी. असा बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं.