मंस, न्हारू आणि स्नायू

द्वत्तिंसाकारात त्वचेनंतर ‘मंस’, मग ‘न्हारू’, मग अस्थी येतात. येथे विद्यार्थी हमखास अडखळतात. कारण विज्ञानाच्या पुस्तकातील ‘स्नायू’ म्हणजे पालीतील मंस, आणि न्हारू म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी कंडरा.

अस्थिस्नायूच्या आवरणात तंतूंच्या जुड्या असतात. प्रत्येक तंतूत असंख्य तंतुके. त्यांतील ॲक्टिनचे बारीक व मायोसिनचे जाड धागे एकमेकांवरून सरकतात. धागा स्वतः आखडत नाही. हे १९५४ साली उमगले. आम्हांस विलक्षण वाटते ते पुढचेच: ही पकड सुटण्यासही ऊर्जा लागते, ती संपल्यानेच मृतदेह ताठरतो.

जन्मानंतर तंतूंची संख्या फारशी वाढत नाही. ते लांबतात, जाडावतात. त्यासाठी प्रथिने हवीत. ताटातील उसळ टाकून उठणाऱ्या मुलांना आम्ही हेच सांगत आलो आहोत.